फ्लॅननच्या यादीतली बाई

मी पाव द्यायला मागच्या दाराने येते, हे फ्लॅननला काय आज कळतंय? त्याच्या पबात दुपारी सूपबरोबर जो तपकिरी सोड्याचा पाव मिळतो, तो माझ्या हातचा. त्याचा बाप टॉमी होता तेव्हापासून मी त्याच दाराने येते, आणि दार ठोठावत नाही. तरी त्या सकाळी मी खांद्याने दार ढकललं तर हा पन्नाशीचा घोडा असा दचकला की हातातलं फडकं खाली पडलं. दुसऱ्या हाताने त्याने फोनवर काहीतरी दाबलं, आणि वाजत होतं ते बंद झालं.

पण माझ्या कानात शिरायचं ते शिरलं होतं. फिडल वाजत होतं, आणि वाजवणारा सेनन होता.

सेनन म्हणजे माझा नवरा. दोन वर्षं झाली त्याला जाऊन. आयर्लंडातल्या आमच्या क्लेअरमध्ये दगड उचलला की खाली फिडलवाला सापडतो, पण सेननचा हात मी झोपेत ओळखेन. उजव्या पायाने ठेका धरायचा, आणि दुसऱ्या फेरीत एक सूर मुद्दाम मागे ठेवायचा, दार जरा अडून उघडावं तसा. आणि त्याने जन्मात कोणाला टेप करू दिलं नव्हतं. डब्लिनहून लोक यायचे यंत्रं घेऊन. हा त्यांना चहा पाजायचा आणि फिडल पेटीत ठेवून द्यायचा. मग हे कुठून आलं?

पण खरी गोष्ट फिडलची नव्हतीच. बंद व्हायच्या आधी त्यात एक बाई बोलली होती. तरुण, हसरा आवाज. म्हणाली, "आ हॅश्का, पुन्हा. पुन्हा एकदा वाजव ना."

"काय लावलं होतंस रे?" मी पाव टेबलावर ठेवत विचारलं.

"काही नाही हो, सोरकाबाई. सतरा मार्चच्या, संत पॅट्रिकच्या दिवसाची गाणी जमवतोय. वाजवणारे काय, संध्याकाळशिवाय उगवत नाहीत. सकाळपासून ते हिरव्या टोप्यांवाले पाहुणे येऊन बसणार, त्यांच्या कानाला काहीतरी पाहिजे ना?"

"शेवटचं परत लाव."

"शेवटचं कुठलं?"

"आत्ता गळा दाबलास ते."

"ते होय..." त्याने फडकं उचललं आणि पुसलेलाच ग्लास पुसायला लागला. "त्याचा आवाज खराब आहे. अजून नीट करायचंय. तुम्ही त्या दिवशी या की. त्या दिवशी ऐका."

मी पुढे वाकून फोनकडे पाहिलं. भली मोठी यादी होती. जहाजांची गाणी, दारूची गाणी, म्हाताऱ्या आईला सोडून अमेरिकेला गेलेल्यांची गाणी. प्रत्येकापुढे गाणाऱ्याचं नाव. आणि खाली एकाच ओळीत चालीला नाव नाही, वाजवणाऱ्याचं नाव नाही, काही नाही. नुसतं 'गान अ‍ॅनिम', म्हणजे बिननावाचं. आता चालीचं नाव आठवत नसलं की आमच्याकडे असंच लिहितात, त्यात काही नवल नाही. पण ज्या माणसाच्या मांडीवर तू लहानपणी खेळलास त्याचंही नाव तुला आठवू नये? कुठेतरी पाणी मुरत होतं.

घरी आले, कोट न काढता खुर्चीत बसले आणि सगळं परत मनाशी ऐकलं. तेव्हा कळलं की फिडलमागे आणखी एक आवाज होता. घड्याळाचा. टिक, टिक, आणि मधेच एक ठोका अडखळणारा. मी मान वर केली. सासूबाईंचं ते घड्याळ माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर तसंच अडखळत होतं. म्हणजे सेनन माझ्या घरात वाजवत होता, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या चुलीपाशी. आणि तिथे बसून एक बाई त्याला हॅश्का म्हणत होती.

हॅश्का म्हणजे ठेवा. माझा ठेवा, माझं धन, असं. हा शब्द इथला नाही. इथल्या बायका लाडात आल्या की 'आ स्टोर' म्हणतात. अर्थ तोच, पण शब्द वेगळा. हॅश्का उत्तरेकडच्या डोनेगलचा, माझ्या माहेरचा. आमची आई आम्हां दोघी बहिणींना शेतातून हाक मारायची ती याच शब्दाने. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा माझ्या बोलण्याला लोक हसायचे, म्हणून मी इथलं बोलायला शिकले. सेननला मी काय म्हणायचे? नावाने हाक मारायचे, तीही जेवण गार होतंय म्हणून. लाडाचे शब्द आमच्यात नव्हतेच. मग या गावात, माझ्या घरात येऊन, हॅश्का म्हणणारी दुसरी कोण?

कोण म्हणजे? रोशा. माझी धाकटी बहीण.

आवाजही तिचाच होता, अगदी तिचाच. जरासा नाकातला, शेवटचा शब्द उंच नेणारा. आणि ती या घरात राहिलीही होती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये मला लिमरिकच्या इस्पितळात ठेवलं होतं. सात महिन्यांचं पोट घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. मी तिथे भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा गाई, कोंबड्या आणि माझा नवरा सांभाळायला कोण आलं होतं? रोशा आली होती. सगळ्यांनी म्हटलं, काय गुणाची बहीण आहे. मीही म्हटलं होतं.

मला रडू आलं नाही. संताप आला, इतका की चहात साखर घातली आणि पिऊनही टाकला. इस्टरपर्यंत साखर सोडली होती मी, देवाला सांगून.

त्यानंतर माझे कान उघडे झाले म्हणा, नाहीतर मनात भूत शिरलं म्हणा. दुकानात गेले तर दुकानवाली कॉन्सेप्टा, जी एरवी पोस्टाची तिकिटं मोजताना मान वर करत नाही, ती माझ्याकडे बघून गोड हसली. तोंडभर हसली अगदी. मी मागे वळून पाहिलं, कोणी नव्हतं.

"काय गं, लॉटरी लागली का?" मी विचारलं.

"छे गं. तुला बघून बरं वाटलं इतकंच. रोशा येतेय ना पॅट्रिकला? किती वर्षांनी!"

"कोण म्हणालं रोशा येतेय?"

कॉन्सेप्टाने जीभ चावली. खरंच चावली, मी पाहिलं. "असं... कोणीतरी म्हणालं बाई. मी विसरले."

त्याच संध्याकाळी रोशाचा फोन. "अगं सोरका, मनात आलं, पॅट्रिकला तुझ्याकडे येऊ का? बसने येईन. एकटीच आहेस ना."

मनात आलं म्हणे! हिच्या मनात यायच्या आधी ते कॉन्सेप्टाच्या दुकानात पोचलं होतं. सेननच्या मातीला येऊन गेली त्यानंतर दोन वर्षं हिला बहीण आठवली नाही, आणि आता एकाएकी पुळका. मी म्हटलं, "ये की, घर तुझंच आहे." पुढे म्हणणार होते की आधीही होतंच, पण जीभ आवरली. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, पिऊ दे. मी काठी हातात धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी पाव घेऊन गेले ती तयारीनेच. पबात जॅक म्हातारा कोपऱ्यात बसला होता, दोन गवंडी चहा पीत होते. मी आत पाय ठेवला आणि तिघांचं बोलणं थांबलं. जॅकने टोपी काढली. आर्चबिशप आला तरी टोपी न काढणारा माणूस तो! विधवेची कीव करतात तशी करत होते मेले. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. यांनी ऐकलं होतं, आवाज ओळखला होता, आणि मी सोडून अख्ख्या गावाला माझ्या घरातली गोष्ट ठाऊक होती.

"फ्लॅनन, ते गाणं तुझ्या यादीतून काढ," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. "का हो? असं का म्हणता? रोशाबाई तर म्हणाल्या की..."

आणि थांबला.

"काय म्हणाल्या रोशाबाई?"

"काही नाही."

"तू आणि रोशा फोनवर बोलता?"

"एकदाच बोललो, सोरकाबाई. शपथ. त्या दिवशी तुम्ही या, मग सगळं सांगतो. आता मला विचारू नका, मी शब्द दिलाय."

शब्द दिलाय! एका पबवाल्याने माझ्या बहिणीला माझ्याविरुद्ध शब्द दिला होता. मी पाव तिथेच ठेवले आणि घरी आले. वाटेत कोणी हाय केलं असेल तर मी पाहिलं नाही.

पॅट्रिकच्या आदल्या दुपारी रोशा बसमधून उतरली. सत्तरीला आली तरी ताठ आहे. लिपस्टिक लावलेली. मी तिची पिशवी घेतली, तिने मला मिठी मारली, आणि मी खांबासारखी उभी राहिले.

"बरी आहेस ना? काठीसारखी कडक झालीयेस."

"वारा आहे," मी म्हटलं.

जेवायला डुकराचं खारवलेलं मांस आणि कोबी केला होता. मी ताटात वाढलं आणि तिच्याकडे बघत बसले. ती मात्र घर बघत होती. घड्याळाकडे बघितलं. चुलीजवळच्या सेननच्या खुर्चीकडे बघितलं. मग मांजर आलं, तर त्याला मांडीवर घेऊन म्हणते, "ये गं हॅश्का, ये."

माझ्या हातातला काटा ताटावर आपटला.

"काय झालं?"

"काही नाही. घसरला."

"सोरका, सेननचं फिडल कुठे ठेवलंस?"

"तुला कशाला हवंय?"

"असंच विचारलं गं बाई. अंगावर काय येतेस?"

मी ताटं उचलली. फिडल गोठ्याच्या माळ्यावर होतं, जिथे तो वाजवायचा. रोशा मांजराशीच बोलत बसली. मी भांडी घासली, घासलेली परत घासली. एक मोठी बहीण म्हणून माझं हिच्यावर जे होतं नव्हतं ते सगळं मी त्या दुपारी आतल्या आत मोडून टाकलं. आई गेल्यावर हिच्या केसांना रिबिनी मी बांधल्या होत्या. आता या जगात माझं म्हणावं असं रक्ताचं एवढं एकच माणूस उरलंय, आणि उद्या मी तिला दार दाखवणार, असं ठरवून मी झोपायला गेले.

सकाळी मी कोटाला शॅमरॉकची, पॅट्रिकच्या त्या तीन पानांच्या पाल्याची, जुडी टाचत होते. टाचणी जागेवर जाईना. रोशा आली आणि माझ्या हातातून टाचणी घेतली. "दे इकडे. सुकून जाईल तोवर."

ती इतक्या जवळ उभी होती की तिच्या श्वासाला चहाचा वास येत होता. आणि माझ्या तोंडून निघालंच.

"माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी बसून, तू सेननला हॅश्का म्हणालीस."

तिचा हात थांबला. "काय म्हणालीस?"

"मी ऐकलंय. फ्लॅननकडे आहे ते. त्याने तुलाही ऐकवलंय, मला माहीत आहे. पुन्हा वाजव ना म्हणतेस. हसतेस. मी लिमरिकला माझं मेलेलं पोर पुरायला दिलं तेव्हा तू इथे बसून माझ्या नवऱ्याला फिडल वाजवायला सांगत होतीस!"

रोशाने टाचणी टेबलावर ठेवली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला आणि लिपस्टिक तेवढी राहिली. मला वाटलं आता ही रडेल, पाया पडेल. ती खाली बसली आणि शांतपणे म्हणाली, "तू इस्पितळात होतीस तेव्हा तुझा नवरा काय करत होता, माहीत आहे तुला? गोठ्यात बसून रडत होता. मी दूध काढायचे आणि तो बादली धरून रडायचा. निम्मं दूध सांडायचं. फिडलला त्याने हात लावला नाही. मीच एकदा म्हटलं, वाजव जरा, मन हलकं होईल. तर म्हणाला, सोरका नाही ऐकायला, कोणासाठी वाजवू?"

"मग तो आवाज कोणाचा?"

"कोणाचा?" ती उठली आणि कोट चढवला. आता मात्र तिचा आवाज फाटला. "चल, तुझी सवत दाखवते तुला. चल म्हणते ना!"

गल्लीत मिरवणुकीचे ट्रॅक्टर लागायला लागले होते. पोरांनी तोंडं हिरवी रंगवली होती. रोशा माझा दंड धरून मला पबापर्यंत ओढत घेऊन गेली. माणसं हात करत होती आणि मी एका पायात घरातली चप्पल घालून चालले होते. फ्लॅनन खुर्च्या मांडत होता.

"लाव," रोशा म्हणाली. "सगळं लाव. पहिल्यापासून."

"पण रोशाबाई, आपलं ठरलं होतं की सगळे जमल्यावर..."

"लाव म्हणते ना!"

त्याने लावलं. आधी खरखर झाली, मग घड्याळ, मग सेननचं फिडल. तेच. मग ती बाई. "आ हॅश्का, पुन्हा. पुन्हा एकदा वाजव ना." मी रोशाकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. फिडल थांबलं आणि सेनन बोलला. तरुण सेनन, सर्दी झाल्यासारखा तो घोगरा आवाज.

"पिठाचे हात घेऊन दारात उभी राहू नकोस, सोरका. इथे बस. तू बसलीस तरच वाजवतो."

"पाव जळेल," ती बाई म्हणाली.

"जळू दे."

ती हसली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि तो वाजवायला लागला.

मी काय सांगू? तरीही तो आवाज मला माझा वाटला नाही. अजूनही वाटत नाही.

"आपला आवाज आपल्याला कधी कळत नाही हो," फ्लॅनन हळूच म्हणाला. "मी माझा फोनवर ऐकला तर मला वाटतं बाबाच बोलतायत. तुमचा ऐकला तर रोशाबाईंचा वाटणारच. त्यांनाही फोनवर ऐकवला तेव्हा आधी वाटलं, आपण कधी बोललो हे? सेननकाका नाव घेतात तोवर त्यांनाही कळलं नव्हतं."

मग त्याने सगळं सांगितलं. पबाचा माळा साफ करताना टॉमीच्या टेपा सापडल्या. टॉमी अमेरिकेहून एक लहान यंत्र घेऊन आला होता आणि पॅट्रिकच्या आसपास घरोघर बसायला जायचा तेव्हा ते टोपीखाली दडवून टेबलावर ठेवायचा. बघा म्हणजे, न विचारता! फ्लॅननला ही टेप मिळाली तेव्हा त्याने ठरवलं की पॅट्रिकच्या दिवशी, सगळ्यांसमोर, माझ्यासाठी लावायची, आणि तोवर मला कळू नये म्हणून यादीत नाव घातलं नाही. मला आवडेल की त्रास होईल हे विचारायला त्याने रोशाला फोन केला. रोशा म्हणाली, मी येते, मी तिच्याशेजारी बसलेली असले पाहिजे. कॉन्सेप्टाला माहीत होतं. जॅकला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं, आणि ते सगळे मेले माझ्यासाठी खूश होते.

आमच्या देशात साप नाहीत. पॅट्रिकबाबाने सगळे समुद्रात हाकलले म्हणतात. आणि मी बाई साप साप म्हणून भुई धोपटत बसले होते.

पण हसू आलं नाही मला. मी हिशेब केला. टेपवर टॉमीने साल टाकलं होतं, तेच साल, म्हणजे टेप त्या मार्चमधली. लिमरिक ऑगस्टमध्ये. मार्चमध्ये मला नुकते दिवस गेले होते, आम्हाला दोघांनाच माहीत होतं, आणि म्हणून ती बाई तशी हसत होती. तिच्याजवळ सगळं होतं. मग ऑगस्टनंतर मी घरी आले आणि फिडल ऐकलं की माझं डोकं उठायचं. मी म्हटलं, वाजवायचं तर गोठ्यात. तो काही न बोलता गेला. महिना, दोन महिने, असं मी मनात धरलं होतं. मग मी त्याला परत आत बोलावलंच नाही. त्याने विचारलं नाही आणि मी बोलले नाही, आणि तो मरेपर्यंत गाईंना वाजवून दाखवत राहिला. हॅश्का हा शब्द मी कधी टाकला ते मला आठवत नाही. मी तो कधी वापरला होता हेही मी विसरले होते. कोणी शपथेवर विचारलं असतं तरी मी नाही म्हटलं असतं.

मी तिथे, रिकाम्या पबात, सकाळच्या प्रहरी, तोंडावर स्कार्फ दाबून मोठ्याने रडले. फ्लॅनन बिचारा ग्लास पुसत उभा राहिला.

रोशा जवळ आली नाही. लांब स्टुलावर बसून तिने सिगरेट काढली, मग पबात ओढायची बंदी आहे हे आठवून परत ठेवली.

"रोशा," मी म्हटलं.

"माझ्याशी बोलू नकोस."

"मला वाटलं..."

"माझ्याबद्दल तुला काय वाटलं ते मी गिळेन. बहिणी म्हटल्या की काय काय वाटतं. लहानपणी तुझी बाहुली मी चोरली असंही तुला वाटलं होतं. पण त्याच्याबद्दल? सोरका, त्या माणसाने आयुष्यात तुझ्यावर आवाज चढवला नाही. तो मेल्यावर तू त्याच्यावर हा आळ घेतलास. लाज नाही वाटली?"

"आता वाटतेय."

"वाटू दे," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

बाहेर ढोल वाजायला लागले होते. फ्लॅननने विचारलं, "सोरकाबाई, काढून टाकू का यादीतून? खरंच सांगा. मला वाटलं होतं तुम्हाला आनंद होईल. मी मूर्ख आहे."

मी नाक पुसलं. सगळ्या गावासमोर ती पोरगी हसणार होती, आणि सगळे माझ्याकडे बघणार होते, तिला शोधत. मला ते नको होतं. पण सेननला गोठ्यातून आत आणायची ही एकच वेळ माझ्या हातात उरली होती.

"राहू दे," मी म्हटलं. "आणि मोठ्याने लाव."

दुपारपर्यंत पबात पाय ठेवायला जागा राहिली नाही. इस्टरआधीचे उपासाचे दिवस असले तरी पॅट्रिकला उपासाला सुट्टी, त्यामुळे महिनाभर तहानलेले सगळे एकदम तुटून पडले होते. हिरव्या टोप्या घातलेले पाहुणे जहाजांच्या गाण्यांवर टाळ्या वाजवत होते. मी बाकाच्या एका टोकाला बसले होते आणि रोशा दुसऱ्या टोकाला. मधे एक परकी बाई होती, केसांत हिरवी रिबीन बांधलेली, बहुतेक कॅनडाची. सकाळच्या त्या बोलण्यानंतर रोशा माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

मग सेनन लागला. फ्लॅननने हात वर केला आणि पब गप्प झाला. ढोलवाली पोरंसुद्धा गप्प झाली. त्याचा पाय ठेका धरत होता. ती म्हणाली पुन्हा वाजव, तो म्हणाला बस, ती म्हणाली पाव जळेल, तो म्हणाला जळू दे. कोपऱ्यातून जॅक म्हातारा ओरडला, "भले सेनन!" मी हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. लग्न झाल्यापासून तो वाजवत असताना मी कितीदा शेवटपर्यंत बसले असेन? त्या चालीला पुढे तिसरा भाग आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

संपलं तेव्हा लोकांनी टेबलं वाजवली. ती रिबिनवाली बाई माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते.

"ती बोलणारी कोण होती?" तिने विचारलं.

"त्याची बायको," मी म्हटलं.

"किती जीव होता तिचा त्याच्यावर! नशीबवान माणूस."

"होता," मी म्हटलं. "थोडे दिवस."

तिने डोळे पुसले. तिच्या पाठीमागून रोशाने हात लांब केला आणि तिला म्हणाली, "बाई, जरा सरकता का? मला माझ्या बहिणीजवळ बसायचंय."